ओंटारिओत शिकार सुरू करायची तर: कागदापासून कढईपर्यंत, क्रमाने

जळगाव, धुळे, नंदुरबारहून कॅनडात गेलेल्या ज्याला शिकारीची हौस लागते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा "कोणती बंदूक घेऊ?" हाच असतो. हा प्रश्न सहाव्या टप्प्यावरचा आहे. आधीचे पाच टप्पे उलटसुलट केले की हंगाम वाया जातो, आणि फारच चुकलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जातं.

खाली ओंटारिओ प्रांताची रीत दिली आहे. बंदुकीचा कायदा सगळ्या कॅनडात एकच, केंद्राचा. शिकारीचा कायदा मात्र प्रत्येक प्रांताचा वेगळा, त्यामुळे अल्बर्टातल्या मावसभावाचं ऐकून ओंटारिओत वागू नये. हंगामाच्या तारखा आणि मर्यादा दर वर्षी बदलतात. त्या प्रांत सरकारच्या 'हंटिंग रेग्युलेशन्स समरी' या मोफत पुस्तिकेत त्या-त्या वर्षाच्या पाहायच्या, मागच्या वर्षाच्या नाहीत.

## टप्पा १: खान्देशातून निघण्यापूर्वी

इथे करण्यासारखं काम थोडं आहे, पण राहिलं तर तिकडून निस्तरणं अवघड जातं.

नावाचं स्पेलिंग एक करून घ्या. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे असतं, पदवीच्या कागदावर आडनाव पुढे असतं, आणि 'पवार'चं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असतं. बंदूक परवाना, शिकारीचं कार्ड आणि ओळखपत्र यांवर नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहायची सवय आत्ताच लावा.

दोन माणसं हेरून ठेवा. बंदूक परवान्याच्या अर्जात तुम्हाला किमान ३ वर्षं ओळखणारे दोन संदर्भ द्यावे लागतात. नवख्या माणसाची गाडी नेमकी इथेच अडते, कारण कॅनडातले त्याचे ओळखीचे सगळे गेल्या सहा महिन्यांतले. तुमच्या आधी तिकडे गेलेला कॉलेजचा मित्र किंवा गावचा कोणी असेल तर त्याला आत्ताच विचारा. भारतात राहणाऱ्याचं नाव द्यायचं असेल तर चालेल का, हे अर्ज पाठवण्याआधी तिथल्या बंदूक परवाना कार्यालयाला फोन करून विचारा.

एनसीसीत .२२ चालवली असेल, आजोबांकडे पीकरक्षणाची बारा बोर असेल, तरी तिकडच्या कोर्समधून सूट मिळत नाही. उलट अशा माणसाचे हात चुकीच्या सवयीचे असतात, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत तेच नडतं.

## टप्पा २: पहिले सहा महिने, दोन कोर्स

ओंटारिओचा 'रहिवासी' म्हणून शिकारीचा परवाना हवा असेल, तर मुख्य घर तिथेच असावं लागतं आणि अर्जाआधीच्या १२ महिन्यांत सलग किमान ६ महिने तिथे राहिलेलं असावं लागतं. म्हणून पहिले सहा महिने परवान्यामागे धावू नका. तेवढ्यात कोर्स उरका.

कोर्स दोन आहेत आणि ते वेगवेगळ्या कामाचे आहेत. पहिला, कॅनेडियन फायरआर्म्स सेफ्टी कोर्स: बंदूक बाळगण्यासाठी. दुसरा, ओंटारिओ हंटर एज्युकेशन: शिकार करण्यासाठी. एक केला म्हणून दुसरा सुटत नाही. अनेक प्रशिक्षक दोन्ही एकाच शनिवार-रविवारी घेतात. नोकरी आणि कॉलेज सांभाळणाऱ्याला तेच सोयीचं.

बंदुकीच्या कोर्सला लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन परीक्षा असतात, प्रत्येकीत ८० टक्के लागतात. कोर्स न करता नुसती परीक्षा देण्याची सोय २०१५ सालापासून बंद आहे. लेखी परीक्षेत आपली मुलं सहसा अडत नाहीत. अडतात प्रात्यक्षिकात, आणि तेही ठराविक तीन जागी: बंदूक उचलताना बोट ट्रिगरवर जातं, वळताना नळी परीक्षकाच्या पोटावरून फिरते, बंदूक दुसऱ्याच्या हाती देण्याआधी ती रिकामी असल्याचं दाखवायचं राहतं.

त्यासाठी चार गोष्टी हातात बसेपर्यंत घोका. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा. नळीचं तोंड कायम सुरक्षित दिशेला. बोट ट्रिगरबाहेर, गार्डच्याही बाहेर. आणि बंदूक रिकामी असल्याचं प्रत्येक वेळी सिद्ध करा. हे सिद्ध करणंही क्रमाने होतं: नळी सुरक्षित दिशेला धरा, सगळी काडतुसं काढा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, काडतूस ज्या वाटेने आत जातं ती वाट तपासा, मग नळी आरपार मोकळी आहे का ते बघा. घरी लाकडी दांडकं घेऊन सराव केला तरी चालतो. बायको हसेल, हसू द्या.

तपासा: दोन्ही कोर्सचे निकालाचे कागद हातात आल्यावरच पुढे जा. दोन्हींची स्कॅन प्रत ठेवा.

## टप्पा ३: बंदूक परवाना

या परवान्याला तिकडे 'पाल' म्हणतात. अर्ज केंद्रीय पोलीस दलाकडे, म्हणजे आरसीएमपीकडे जातो. वय १८ पूर्ण हवं. पहिल्या अर्जाला किमान २८ दिवसांची सक्तीची थांबणूक असते. ही किमान आहे. पडताळणी लांबली की महिने जातात. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचं असेल तर अर्ज वसंत ऋतूतच टाका. ऑगस्टमध्ये जागे होणाऱ्याने पुढच्या वर्षाची तयारी धरावी.

अर्ज परत येण्याची किंवा रखडण्याची नेहमीची कारणं:

पती-पत्नीचा रकाना. सध्याच्या जोडीदाराची, आणि गेल्या दोन वर्षांत कोणापासून वेगळे झाला असाल तर त्या व्यक्तीचीही माहिती द्यावी लागते, सही मागितली जाते. सही नसेल तर त्या व्यक्तीला कळवलं जातं. तेव्हा घरात आधी बोलून घ्या. बायकोला सरकारी फोनवरून कळावं, असं कशाला?

संदर्भ देणारे फोन उचलत नाहीत. अनोळखी नंबर आला की कट करायची सवय सगळ्यांनाच आहे. त्यांना आधी सांगून ठेवा.

जुना गुन्हा, मानसिक आजाराचे उपचार, घरगुती भांडणाची तक्रार यांविषयीचे प्रश्न. 'हो' लिहिलं म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, जास्तीची विचारणा होते. खोटं लिहिणं मात्र स्वतःच गुन्हा आहे, आणि कॅनडात फौजदारी शिक्षा झाली तर स्थलांतरिताच्या पीआरवरही, म्हणजे कायम राहण्याच्या हक्कावरही, गदा येऊ शकते.

> सावध: परवाना हातात येईपर्यंत काडतुसांचा डबासुद्धा विकत घेता येत नाही. परवानाधारक माणूस शेजारी उभा राहून थेट देखरेख करत असेल तरच त्याची बंदूक हातात घ्यायची. 'मित्राच्या गाडीत ठेवून आलो' हे देखरेखीत बसत नाही.

ज्यांना बंदुकीचं लचांडच नको, त्यांना धनुष्याची वाट आहे. धनुष्य किंवा नेहमीच्या आकाराचा क्रॉसबो वापरायला बंदूक परवाना लागत नाही. हंटर एज्युकेशन पास केलं की धनुष्यापुरतं कार्ड मिळतं. हरणासाठी साध्या धनुष्याचा ताण ७०० मिलिमीटर ओढीवर किमान १८ किलो हवा आणि बाणाचं पातं किमान २२ मिलिमीटर रुंद. पण धनुष्याने हरीण २०-२५ यार्डांत यावं लागतं. नवख्याला हे बंदुकीपेक्षा कठीण आहे, सोपं नाही.

## टप्पा ४: कार्ड, परवाना, टॅग

तीन वेगळे कागद. यांचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो.

आउटडोअर्स कार्ड म्हणजे तुमची ओळख. त्यावर एच१ असेल तर बंदूक आणि धनुष्य दोन्ही, एच२ असेल तर बंदूक वगळून.

शिकारीचा परवाना त्या-त्या प्राण्यासाठी. 'स्मॉल गेम' परवान्यात ससे, खारी, ग्राउससारखे पक्षी येतात. हरणाचा वेगळा, मूसचा (हरणाच्याच कुळातलं पण फार मोठं जनावर) वेगळा. बदकं आणि गीज यांसाठी याशिवाय केंद्राचं परमिट आणि त्यावरचा स्टॅम्प लागतो.

टॅग म्हणजे एका जनावराचा हिशेब. हरणाच्या परवान्यासोबत शिंगवाल्या नराचा टॅग येतो. मादी किंवा बिनशिंगाचं जनावर मारायचं तर त्यासाठी सोडत असते, आणि तिचे अर्ज उन्हाळ्यातच बंद होतात. दक्षिणेकडच्या काही भागांत 'कंट्रोल्ड हंट' असतो, त्याला आणखी एक मंजुरी लागते.

प्रांताचे वन्यजीव विभाग पाडलेले आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे. तारखा, हत्याराचा प्रकार, रविवारी बंदूक चालते की नाही, हे सगळं क्रमांकावर ठरतं. फ्रेंच आणि मटावा नद्यांच्या उत्तरेला रविवारी बंदुकीने शिकार चालते. दक्षिणेला ती त्या-त्या नगरपालिकेच्या निर्णयावर आहे. मोठ्या शहरांचे बंदूक झाडण्याविरुद्धचे स्वतःचे नियम वेगळेच.

> सावध: ओंटारिओच्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. दबा धरून बसणं, माग काढणं, शोधणं, पाठलाग करणं, सगळं शिकारीतच धरतात, जनावर मेलं नाही तरी. आपल्याकडच्या भाषेत, हाका घालायला गेलेला माणूसही शिकारीच. 'मी नुसता बघायला आलोय' म्हणत परवान्याशिवाय हाक्यात चालू नका.

पहिल्या वर्षी हरणाच्या मागे न लागता स्मॉल गेमचा परवाना घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. ससा आणि ग्राउस (हा तितराच्या जातकुळीतला पक्षी) यांच्या मागे हिंडताना जंगल कळतं, बंदूक अंगवळणी पडते, जनावर सोलायला हात बसतो. आणि चूक झाली तर ती ६०-७० किलोंची नसते.

## टप्पा ५: जमीन

कार्ड आहे, परवाना आहे, बंदूक आहे, आणि जायचं कुठे ते माहीत नाही: दक्षिण ओंटारिओतला नवा शिकारी हमखास इथे येऊन थांबतो. तिथली बहुतेक जमीन खाजगी आहे. सरकारी, म्हणजे क्राउन लँड, मुख्यतः उत्तरेला. तिचा नकाशा प्रांत सरकारने ऑनलाइन दिलेला आहे. काही काउंट्यांची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) स्वतःची जंगलं आहेत आणि त्यांतल्या काहींत शिकार चालते, पण आधी त्या काउंटीचे नियम वाचा. प्रॉव्हिन्शियल पार्कांत शिकार बंद आहे असं धरूनच चाला. जिथे चालते तिथलं पुस्तिकेत नाव घालून दिलेलं असतं.

खाजगी जमिनीवर पाटी नाही म्हणजे मोकळीक आहे, असं नसतं. कुंपण घातलेली किंवा पेरलेली जमीन पाटीशिवायही बंदच. झाडावर किंवा खांबावर लाल गोल दिसला तर प्रवेश नाही. पिवळा असेल तर ठराविक कामापुरताच प्रवेश, आणि शिकार त्यात येते का हे मालकालाच विचारायचं.

मालकाला भेटायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये, दिवसाउजेडी, साध्या कपड्यांत, एकट्याने. हंगामाच्या आदल्या दिवशी चौघेजण कॅमो घालून दारात उभे राहिले तर नकार ठरलेला. शेतकऱ्याशी बोलणं आपल्या माणसाला जड जात नाही: मका आणि सोयाबीन त्याचंही खाल्लं जातं, फक्त आपल्याकडे रोही खातो आणि तिकडे पांढऱ्या शेपटीचं हरीण. बोलताना हे विचारून घ्या: हद्द कुठून कुठे, गाडी कुठे लावायची, गुरं कोणत्या भागात असतात, आणखी कोणाला परवानगी दिली आहे का, जखमी जनावर शेजारच्या शेतात गेलं तर शेजारी कोण. शेवटचा प्रश्न सगळेच विसरतात. परवानगी लेखी घ्या, एका कागदावर, तारखेसह.

तपासा: हिरवळ असताना एकदा आणि पानगळीनंतर एकदा जागा पायी फिरून पाहा. घरं, वाटा, गुरांचे गोठे नकाशावर खुणा करून ठेवा. त्या दिशेला गोळी जाणार नाही हे इथेच ठरतं.

## टप्पा ६: बंदूक घेणं आणि ठेवणं

आता तो पहिला प्रश्न. नवख्यासाठी उत्तर: २० गेजची पंप-ॲक्शन शॉटगन.

कारण असं. दक्षिणेच्या काही विभागांत हरणाच्या हंगामात फक्त शॉटगन किंवा मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) चालते, आणि काही काउंट्यांत .२७५ पेक्षा मोठ्या व्यासाच्या रायफलवर बंधन आहे. .३०८ ची रायफल घेऊन बसलात तर जवळच्या जागी ती कामाची नाही असं होऊ शकतं. २० गेजमध्ये ६ नंबरचा छर्रा भरला की ससा आणि ग्राउस, स्लग (छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी) भरला की हरीण. १२ गेजपेक्षा धक्का कमी, म्हणून नेम टिकतो. .२२ रायफल सशाला उत्तम, पण हरणावर ती बेकायदा आहे.

बंदुकीचं वर्गीकरण 'नॉन-रिस्ट्रिक्टेड' आहे याची खात्री करा. २०२० पासून दीड हजारांहून जास्त मॉडेलांवर बंदी आली आहे. कोणाच्या तळघरात स्वस्तात मिळणारी जुनी अर्ध-स्वयंचलित रायफल त्या यादीत असू शकते. खाजगी माणसाकडून घेतानाही विकणाऱ्याला तुमचा परवाना तपासून सरकारकडून संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो. तो टाळून व्यवहार करू म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. बदकांसाठी वापरणार असाल तर मॅगझिनमध्ये प्लग हवा, म्हणजे एकूण तीनच काडतुसं बसतात, आणि छर्रा शिशाचा चालत नाही.

ठेवायची पद्धत: रिकामी, त्यावर ट्रिगर लॉक, किंवा बोल्ट काढून वेगळा, किंवा सहजी फोडता येणार नाही अशा कपाटात कुलूपबंद. काडतुसं वेगळ्या जागी किंवा वेगळ्या कुलपात. बेसमेंट भाड्याने घेऊन चौघे राहत असाल तर किल्ली फक्त परवानाधारकाकडे. रूममेटला किल्लीची जागा माहीत असणं म्हणजे बंदूक त्याच्या ताब्यात देण्याच्या जवळच जातं. गाडीत नेताना रिकामी. गाडी सोडून जायचं तर डिकीत, कुलपात, नजरेआड.

## टप्पा ७: सराव

बंदूक आणून थेट जंगलात जाऊ नका. आधी रेंजवर. कानाला संरक्षण, डोळ्याला चष्मा.

छऱ्यासाठी: २५ यार्डांवर मोठा कागद लावा, एक बार काढा, छर्रे कुठे पसरले ते पाहा. मध्यभागी मोकळी जागा राहत असेल तर चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा, छऱ्यांचा पसारा ठरवणारा भाग) किंवा काडतुसाचा ब्रँड बदला.

स्लगसाठी: टेबलावर टेकू घेऊन २५ यार्डांवरून तीन बार, मग ५० वरून तीन. कागदावर भाकरीएवढं, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. ज्या अंतरापर्यंत तिन्ही स्लग त्याच्या आत बसतात, ती तुमची मर्यादा. सध्या ती ५० यार्ड असेल तर ५५ वर उभं असलेलं हरीण तुमचं नाही. टेकूवरून जमलं की गुडघा टेकून आणि झाडाला टेकून तेच करा, कारण जंगलात टेबल नसतं. प्रत्येक ब्रँडचा स्लग वेगळीकडे जातो; ज्याने सराव केला तोच डबा शिकारीला न्या.

## टप्पा ८: शिकारीचा दिवस

कपडे. बंदुकीच्या हरणाच्या हंगामात कमरेच्या वर किमान ४०० चौरस इंच हंटर-ऑरेंज आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी सक्तीची. गडद भगवा चालत नाही, चमकणारा फ्लोरोसंट नारिंगीच. जाळीचं किंवा कॅमो छापाचं नारिंगी त्या ४०० इंचांत मोजलं जात नाही. पाठीवर सॅक घेतली की जॅकेटचा मागचा नारिंगी झाकला जातो, म्हणून सॅकवरही नारिंगी कापड बांधा. आतून सुती बनियन नको: घामाने भिजलं की अंगावर गार पडतं, आणि नोव्हेंबरात ते धोक्याचं आहे. लोकर किंवा सिंथेटिक घाला.

वेळ. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. त्या बाहेरच्या वेळेत, जनावरं वावरतात अशा भागात बंदूक रिकामी आणि केसमध्ये हवी. यात एक खाच आहे: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, अगदी हरणाच्या हंगामात. शनिवारची वेळ रविवारी वापरली तर चूक होते.

जाण्यापूर्वी घरी सांगून जा: कुठे, कोणत्या वाटेने, किती वाजता परत. फोनला रेंज नसते असं धरून कंपास, शिट्टी, काडीपेटी, टॉर्च जवळ ठेवा.

कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करून, ॲक्शन उघडी ठेवून, नळी पलीकडे करून तारेखालून सरकवा. स्वतः दुसऱ्या खांबाजवळून ओलांडा. झाडावरच्या मचाणावर चढताना आधी हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा पट्टा), मग माणूस, शेवटी रिकामी बंदूक दोरीने वर. बंदूक खांद्याला लटकवून चढणं ही पडण्याची नेहमीची रीत आहे. रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे बार काढायचा नाही, गाडीत भरलेली बंदूक ठेवायची नाही. दारू परत आल्यावर.

बार कधी काढायचा? हरीण आडवं उभं, थांबलेलं, मागे मातीचा उंचवटा, आणि शिंग आहे की नाही हे दुर्बिणीतून पक्कं झालेलं. हालचाल बघायला बंदुकीवरची स्कोप वापरू नका, कारण स्कोप जिकडे, नळी तिकडे. नेम पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. तिथे हृदय-फुप्फुस आहे. तोंड तुमच्याकडे असेल किंवा फक्त ढुंगण दिसत असेल तर थांबा.

## टप्पा ९: बार झाल्यावर

लगेच धावत जाऊ नका. हरीण उभं होतं ती जागा आणि शेवटचं दिसलं ती जागा, दोन्ही डोळ्यात धरा. अर्धा तास बसा. मग पहिल्या जागी जाऊन रक्त बघा.

गुलाबी, फेसाळ रक्त: फुप्फुस. जनावर बहुधा जवळच मिळतं. हिरवट, घाण वास, अर्धवट पचलेला पाला: पोटाला लागलं आहे. अशा वेळी ६ ते ८ तास थांबावं लागतं. घाईने मागे गेलात तर ते उठून मैलभर जातं आणि सापडत नाही. प्रत्येक थेंबापाशी नारिंगी फितीची खूण करत जा.

पडलेल्या हरणाकडे पाठीच्या बाजूने जा. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तर मेलं आहे. आता पहिलं काम टॅग. हलवण्याआधी, फोटोआधी, टॅगवर दिलेल्या जागी खाचा पाडा. लोक आनंदात फोटो काढत बसतात आणि कॉन्झर्व्हेशन ऑफिसर समोर येतो.

आतडी काढणं. हातमोजे घाला. जनावर उताणं, डोकं किंचित वर. मागच्या पायांच्या आतल्या बाजूच्या केसाळ ग्रंथींना हात लावू नका. लागला तर मोजे बदला, नाहीतर तो वास मांसाला येतो. गुदद्वाराभोवती गोल कापून ते मोकळं करा आणि दोरीने बांधा. मग जांघेपासून छातीच्या हाडापर्यंत फक्त कातडं आणि पडदा कापायचा: सुरीचं पातं वर, दोन बोटं खाली घालून पोट आत दाबत. पातं खाली वळलं की पोट फुटतं आणि सगळा मैला मांसावर. पुढे पोट-छातीमधला पडदा दोन्ही बाजूंनी सोडवा, आत हात घालून श्वासनलिका जेवढी वर जमेल तेवढ्या वर कापा आणि सगळं एकत्र बाहेर ओढा. मैला लागलाच तर तो भाग कापून टाका. धुवत बसलात तर पसरतो.

मग गार करणं. आतून मोकळं, काडीने छाती उघडी ठेवून, लवकरात लवकर ४ अंशांखाली. मांस खराब होण्याचं पहिलं कारण उष्णता. अंगावरची गोचीड घरी तपासा. दक्षिण ओंटारिओत काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते.

> सावध: खाण्याजोगं मांस टाकून देणं गुन्हा आहे. विकणंही. गावकी म्हणून वाटा. पैसे घेऊ नका.

## टप्पा १०: मांस

बेसमेंटच्या बाथरूममध्ये हरीण सोलणं हा बेत आधीच मोडीत काढा. जंगली जनावर घेणारा खाटीक हंगामाआधी फोन करून ठरवून ठेवा. सगळे घेत नाहीत. रूममेट शाकाहारी असतील तर वेगळा छोटा फ्रीझर घ्या, भांडण वाचतं.

गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाका. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब जातात. कलेजी आणि गुर्दा खाऊ नका. आपल्याकडे कलेजीवर पहिला हात पडतो, पण ओंटारिओ सरकार हरीण आणि मूस यांची कलेजी-गुर्दे कॅडमियममुळे टाळायला सांगतं. दुसऱ्या प्रांतातून हरणाचं डोकं, पाठीचा कणा ओंटारिओत आणायला बंदी आहे, हरणांच्या सीडब्ल्यूडी रोगामुळे.

हे मांस बोकडासारखं शिजवलं की चामडं होतं, कारण त्यात चरबी जवळजवळ नसते. जी पांढरी चरबी दिसते ती काढून टाका. तिला उग्र वास असतो आणि ती टाळूला चिकटते. पाठीचा लांब तुकडा पातळ कापून तव्यावर परता. पाय आणि मान यांना खान्देशी काळा मसाला शोभतो: भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, तेल नेहमीपेक्षा थोडं सढळ, आणि मंद आचेवर तीन तास. कुकरच्या शिट्ट्या मोजून हे काम होत नाही. खिमा करायचा तर मधे ७४ अंश गाठू द्या. उरलेलं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्यांत, हवा काढून, तारीख लिहून ठेवा.

## टप्पा ११: मागचे कागद

हरणाचा टॅग घेतला असेल तर हंगामानंतर रिपोर्ट सक्तीचा आहे. काहीच मिळालं नाही तरी, आणि गेलाच नाहीत तरी. बरेच जण 'मारलं नाही, मग काय सांगायचं' म्हणून सोडतात आणि पुढच्या वर्षी अडकतात.

घर बदललं की ३० दिवसांत बंदूक परवान्यावरचा पत्ता बदला. विद्यार्थ्यांची घरं वर्षात दोनदा बदलतात, म्हणून ही चूक त्यांच्याकडून होते. परवाना ५ वर्षांनी संपतो. संपलेल्या परवान्यावर बंदूक वापरता येत नाही, आणि सहा महिन्यांची वाढीव मुदतही उलटली की घरातली बंदूक बेकायदा ठरते.

सुट्टीला गावी येताना शिंग, कातडं, सुकं मांस बॅगेत घालू नका. आणि इथे आल्यावर यावल किंवा शिरपूरकडे कोणी "तू तर आता कॅनडाचा शिकारी, चल" म्हणालं तर जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं आणि सापळा लावणंसुद्धा शिकारच आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षांची कैद आहे. शेतात रानडुक्कर किंवा रोही घुसत असेल तर अर्ज वनखात्याकडे करायचा आणि परवानगी त्यांच्याकडून लेखी यायची. कॅनडाचा परवाना इथे चालत नाही.